मदत हवी आहे: क्षयरोगाच्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेली गाय कशी सांभाळावी?

नमस्कार. राधानगरी तालुक्यात आमचा आठ गाई व दोन म्हशींचा गोठा आहे. त्यातील एक गाभण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय खाणेपिणे व्यवस्थित असूनही खंगत चालली होती आणि पहाटेच्या गारव्यात कोरडी खोकत होती, म्हणून पशुवैद्यकांनी तिच्या मानेवर ट्युबरक्युलीनची (क्षयजंतूंपासून बनवलेले, कातडीत टोचायचे द्रव्य) चाचणी केली. टोचण्यापूर्वी ७ मिलिमीटर भरलेली कातडीची घडी ७२ तासांनी कॅलिपरने मोजली तेव्हा १३ भरली, आणि ती जागा हाताला गरम लागत होती. ४ मिलिमीटर किंवा अधिक वाढ झाली की जनावर पॉझिटिव्ह धरतात. बाकीची जनावरे निगेटिव्ह आहेत. मात्र त्यांतील एक नुकतीच व्यायली असल्याने तिच्या निकालावर विसंबता येत नाही.

ब्रिटनमध्ये अशी गाय कत्तलीला जाते व मालकाला भरपाई मिळते. आपल्याकडे २०१५ पासून गोवंशहत्या बंदी आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या आईला ते सोसलेही नसते. एका व्यापाऱ्याने "बाजार दाखवा आणि मोकळे व्हा" असे सुचवले, पण आपल्या गोठ्यातला रोग दुसऱ्याच्या दावणीला बांधणे मला मान्य नाही. तेव्हा ती जगेल तोवर वेगळी ठेवायची हे ठरले आहे. तिला किती लांब बांधावे? होणाऱ्या वासराला तिचा चीक पाजावा का?

आणखी एक काळजी आहे. आमची जनावरे ज्या ओढ्यावर पाणी पितात, तिथेच उन्हाळ्यात जंगलातले गवे उतरतात. ब्रिटनमध्ये बॅजर (बिळात राहणारा रानप्राणी) आणि न्यूझीलंडमध्ये पोसम (झाडांवर राहणारा छोटा प्राणी) या रोगाचे वाहक होऊन बसले, तर दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात तो रानम्हशींमधून सिंहांपर्यंत गेला. आपल्याकडे असे होऊ नये म्हणून काय करता येईल?

प्रतिसाद (पशुवैद्यक):
आधी निदान पक्के करा. किमान ४२ दिवसांनंतर पक्ष्यांच्या क्षयजंतूंचे ट्युबरक्युलीन शेजारी टोचून तुलनात्मक चाचणी करून घ्या, कारण जोन्स रोगाच्या (क्षयजंतूंच्या जवळच्या जंतूंमुळे होणारा आतड्यांचा रोग) जनावरातही कातडी फुगू शकते. व्यायलेल्या गाईचीही चाचणी तेव्हाच पुन्हा करावी. रोग मुख्यतः श्वासातून पसरतो, म्हणून नुसती दावण बदलून भागणार नाही. निराळे छप्पर, निराळी गव्हाण, निराळी बादली हवी आणि तिचे काम सर्वांत शेवटी करावे. वासरू जन्मताच बाजूला घ्या व निगेटिव्ह गाईचा चीक पाजा. या गाईचे दूध डेअरीला घालू नका, वासरांनाही देऊ नका. घरात कोणी निरसे दूध पीत असेल तर ते आजच थांबवा आणि खोकला असणाऱ्याची तपासणी करून घ्या. गव्यांसाठी तुमच्या हाती एवढेच आहे की, या गाईला ओढ्यावर न नेता गोठ्यातच पाणी द्यावे आणि तिचे ताजे शेण ओढ्याकाठी टाकू नये.