मदत हवी आहे: पाऊस लागला की एअरबॅगचा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरला दोष सापडत नाही

नमस्कार मंडळी,

या गाडीपुढे मी अगदी हात टेकलेत. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही चिपळूणला राहतो. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०२३ च्या दिवाळी पाडव्याला सव्वानऊ लाखांना घेतली, २३,००० किलोमीटर झालेत. उन्हाळ्यात, थंडीत गाडीला नाव ठेवायला जागा नाही. पण पावसाने सलग दोन-तीन दिवस झोडपलं की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि विझत नाही. चार दिवस उघडीप मिळाली की आपोआप जातो. गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा झालं. यंदा पाऊस सुरू झाला आणि ये रे माझ्या मागल्या.

सर्व्हिस सेंटर रत्नागिरीला, म्हणजे नव्वद किलोमीटर. फोन केला की चार-पाच दिवसांनंतरची वेळ मिळते. तोवर पाऊस ओसरलेला असतो, दिवा विझलेला असतो, आणि मी कोरडी ठणठणीत गाडी घेऊन त्यांच्या दारात उभी. आतापर्यंत पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला. दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केलं. तिसऱ्यांदा स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली वायर) बदलली, चौथ्यांदा बॅटरी. पाचव्यांदा जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवतात त्या कागदावर, लिहून दिलं, ‘चेक केले, ओके’. वॉरंटी दोन वर्षांची आहे, येत्या नोव्हेंबरात संपते. एवढं होऊन माझ्याकडच्या एकाही कागदावर गाडीत दोष असल्याचं लिहिलेलं नाही.

नुसता दिव्याचा त्रास असता तर काढला असता. पण हा दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच असं नाही, हे गाडीच्या पुस्तकातच छापलंय. शेजारच्या सीटवर माझी आई बसते. तिला दर महिन्याला कुंभार्ली घाटातून कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. घाटात धुकं, समोरून ट्रक, आणि डोळ्यांसमोर तो लाल दिवा. पूर्ण रस्ता मी जीव मुठीत धरून चालवते.

गेल्या रविवारी आई म्हणाली, “पायाला गार लागतंय गं.” मॅट उचलली. खालचं कार्पेट वरून जेमतेम दमट होतं, पण अंगठ्याने दाबलं तर नखाभोवती पाणी जमलं. खालचा फोम चिंब भिजलेला. मग सीट पूर्ण मागे सारून टॉर्च मारला. सीटखाली एक पिवळा कनेक्टर आहे, त्याच्या एका पिनेवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलंय. तारखेसह फोटो काढून सुपरवायझरांना व्हॉट्सअॅप केले. उत्तर आलं, “मॅडम, एसीचं पाणी असेल.” फोनवर तर त्यांनी विचारलं, गाडी पुरात होती का! चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ चा, गाडी त्यानंतर सव्वादोन वर्षांनी घेतलेली. त्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यामुळे हा प्रश्न फार लागला.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पाणी नेमकं कुठून येतंय हे घरच्या घरी कसं शोधायचं? आणि वॉरंटी संपायच्या आत हे सगळं कागदावर कसं आणायचं?

प्रतिसाद, सावंतवाडीहून

ताई, माझं गॅरेज आहे, पावसाळ्यात अशा गाड्या दर आठवड्याला येतात. एअरबॅगच्या वायरिंगचे कनेक्टर पिवळे असतात. पिनेवर गंज धरला की सर्किटमधला रेझिस्टन्स बदलतो, कॉम्प्युटरला ते खटकतं आणि तो दिवा लावतो. सुकलं की पुन्हा ठीक. म्हणजे दिवा खोटं बोलत नाहीये. आजार पाण्याचा आहे, आणि ते लोक दिव्यावर औषध देत बसलेत.

आधी एसीचा संशय फेडून टाका. एसी अजिबात न लावता गाडी रात्रभर पावसात उभी ठेवा. डावीकडच्या पायांच्या जागेत, कार्पेटवर आणि वर इंजिनाकडच्या पत्र्यालगत वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद भिजलेला असेल तर पाणी बाहेरचं. कागदाचा कुठला कोपरा आधी भिजला ते नीट बघा, पाण्याचा रस्ता तिथेच कळतो.

मग ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) काढून हाताला लावून बघा. तो ओला असेल तर वायपरखालच्या जाळीतून पाणी ब्लोअरमध्ये उतरतंय. गाडी आंब्याखाली लावता का? मोहोर आणि पालापाचोळा त्या जाळीखालच्या भोकांत बसतो. तसं निघालं तर मात्र साफसफाईचा विषय होतो, कंपनी तो वॉरंटीत धरणार नाही. फिल्टर कोरडा असेल तर दोन जागा उरतात. एक, दरवाजाच्या आतला प्लास्टिकचा पडदा सुटलेला असणं. दुसरी, वायरिंग इंजिनाकडून आत येतं तिथलं रबर नीट न बसलेलं असणं. या दोन्ही जागा तुम्ही बिघडवलेल्या नाहीत.

पाइपने पाणी मारून बघायचं तर खालून वर जा, एकेका जागी पाच-दहा मिनिटं, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. प्रेशर वॉशर वापरू नका, नाही तिथून पाणी घुसतं आणि फसगत होते. पिवळ्या कनेक्टरला स्वतः हात लावू नका.

प्रतिसाद, पुण्याहून

कागदाबद्दल लिहितो. जॉब कार्ड बनताना ‘एअरबॅग लाइट’ एवढंच लिहू देऊ नका. ‘पावसात डाव्या बाजूला पाणी येते, फोम भिजतो, त्यानंतर दिवा लागतो, सहावी भेट’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि मगच सही करा. कोड पुसण्याआधी स्कॅनचा प्रिंट मागा. आधीच्या पाचही खेपांची कागदपत्रं जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, डीलरला प्रत द्या. वॉरंटी चालू असताना लेखी तक्रार गेलेली असली की ‘उशिरा सांगितलं’ असं कुणाला म्हणता येत नाही.

तरी हलले नाहीत तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला रत्नागिरीच. दिलेली किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. गाडी बदलून मिळेल अशी आशा मात्र आत्ताच धरू नका. त्यासाठी उत्पादनातला दोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो, आणि त्या तपासणीचा खर्च आयोग तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. दुरुस्ती आणि भरपाई मागणं जास्त पदरात पडणारं आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या दारात आंबा आहेच! जाळी उघडली तर ओंजळभर कुजलेला मोहोर निघाला. जीव धसकला, म्हटलं चूक आपलीच. सगळं साफ केलं, मग बुधवारी रात्री एसी न लावता कागद पसरून गाडी अंगणात ठेवली. रात्रभर धो धो पाऊस होता.

सकाळी केबिन फिल्टर कोरडा. खालचा कागद मधोमध भिजलेला, आणि पत्र्यालगतच्या कागदावर वरच्या कोपऱ्यापासून एकच ओली रेघ खाली आलेली. भाऊ पाइप घेऊन बाहेर आणि मी आत, मान वाकडी करून पडले. सातव्या मिनिटाला ग्लोव्ह बॉक्समागे वायरिंगच्या काळ्या जुडग्यावर एक थेंब दिसला. तो वायरवरून घरंगळत खाली आला, मागोमाग दुसरा. दोन मिनिटांचा व्हिडिओ केलाय, त्यात भाऊ बाहेर कुठे पाणी मारतोय तेही आलंय.

ईमेल काल गेलं. शुक्रवारी अकराची वेळ मिळाली आहे. गाडी ठेवून परत यायचं नाही, कार्पेट उघडेपर्यंत तिथेच थांबायचं ठरवलंय. सावंतवाडीच्या दादांना एक विचारायचं होतं. ते लोक रबर नवीन घालतील की नुसतं सीलंट फासतील? आणि गंजलेल्या पिनेचं काय, स्प्रे मारून भागवलं तर चालेल का, की तेवढं वायरिंग बदलूनच मागू?