प्रतिसाद: साहेब कुठायत?
'मैदानावर न उतरलेल्या बाईला लीग काय चालवता येणार' हे वरचं मत काही पटलं नाही. लीग चालवणं म्हणजे निम्मं वेळापत्रक, निम्मी भांडणं. बालेवाडीला एका कबड्डी स्पर्धेत मी स्वयंसेवक होतो. सामन्याला दहा मिनिटं उरलेली आणि मॅटचा सांधा उचललेला. व्यवस्थापक बाईंनी चप्पल काढली, अनवाणी पाय फिरवून नेमकी जागा शोधली, पंचांना थांबवलं. प्रायोजकाचा माणूस त्यांनाच विचारत होता, "तुमचे साहेब कुठायत?"

आणि खेळलेल्या बाईला तरी कुठे लवकर खुर्ची मिळते? अमेरिकेतली किम अँग कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायची. १९९० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाकडे इंटर्न म्हणून लागली, मायामी मार्लिन्स या दुसऱ्या संघाची जनरल मॅनेजर झाली २०२० मध्ये. मेजर लीग बेसबॉल म्हणजे तिथली सगळ्यात वरची लीग, तिच्यात त्या पदावरची पहिलीच बाई. मध्ये तीस वर्षं गेली, राव!