डिनेरियसचा छापा कोणता, काटा कोणता?

मीनल_अ: रोमन चांदीच्या नाण्यांवरचा लेख मराठीत आणतेय. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटस, त्याच्या डिनेरियसपाशी, म्हणजे चांदीच्या नाण्यापाशी, अडलेय. एकीकडे ब्रूटसचं डोकं. दुसरीकडे दोन खंजीर, मधे मुक्त केलेल्या गुलामाला देत ती टोपी आणि खाली 'ईद मार', म्हणजे सीझरच्या खुनाचा दिवस, 15 मार्च. मी 'काट्याच्या बाजूला खंजीर' लिहिलं, संपादकांनी 'पृष्ठभागावर' केलं. तुम्ही काय लिहाल?

गोदाकाठ: पृष्ठभाग नकोच. नाण्याच्या दोन्ही बाजू पृष्ठभागच की! छापा-काटा चालू द्या.

शुद्धमती: नाणेफेकीला ठीक. पुरोभाग-पृष्ठभाग ही जोडी वाचकाला दोन ओळींत कळते. दरवेळी बोलीवर भागवलं तर परिभाषा रुळणार कधी?

कृष्णाकाठी: आमच्या आळीत आकड्याची बाजू म्हणजे छापा, मामाच्या गावी नेमकं उलटं. माझ्या मते काटा तराजूचा. कंपनी सरकारच्या मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे. आजोबांच्या डब्यातला एक माझ्याकडे आहे. झिजलाय, पण पारडी आणि त्यांच्यामधला 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द दिसतो.

गोदाकाठ: पटण्यासारखं आहे, पण त्याआधी काटा म्हणत नव्हते कशावरून?

ऐरण: नाणं घडायचं कसं ते बघा. खालचा ठसा ऐरणीत, त्यावर चांदीची तापलेली चकती, वर दुसरा ठसा धरून हातोडा. डोकं बहुधा खालच्या ठशात. घाव सरकला की चित्र कडेबाहेर जाई. 'ऐरणीची बाजू' म्हणा.

मीनल_अ: छान आहे, पण तळटीप लागेल. आणि आकड्यावरूनही ठरत नाही. सुरुवातीच्या डिनेरियसवर शिरस्त्राण घातलेली रोमची देवी रोमा, नाण्याच्या मागच्या बाजूला घोड्यांवरून दौडणारे जुळे कॅस्टर-पोलक्स. दहा आसचा (आस हे रोमन ब्राँझचं नाणं) आकडा मात्र रोमाच्याच मानेमागे!

शुद्धमती: मुळात डिनेरियस कशाला? गुप्तांच्या लेखांत 'दीनार' आहेच.

गोदाकाठ: तो सोन्याचा. आज दीनार वाचून लोक थेट कुवेतला पोचतील.

माहेर_मालवण: व्हेनिसच्या मोहरेवर आकृत्या, म्हणून आपण तिला पुतळी म्हटलं. पुतळ्यांची माळ अजून घालतो. तशी ही 'खंजिरी' म्हणा.

कृष्णाकाठी: खंजिरी भजनातली हो. आणि हे खंजीर तरी कुठे? खंजिराचं पातं वाकडं, रोमन प्यूगिओ सरळ, दुधारी. कट्यार म्हणा.

ऐरण: कट्यारीची मूठ आडवी असते. नाण्यावर दोघांच्या मुठी उभ्या, त्याही एकमेकींपेक्षा वेगळ्या. सुरा.

माहेर_मालवण: सुरा एकधारी!