मदत हवी आहे: आच्चेत्तुराला गाडीशिवाय कसं पोहोचायचं?

पेन्टेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) आम्ही दोघं आणि आई (वय 66) दक्षिण इटलीत, बाझिलिकातामध्ये असू. तिथल्या आच्चेत्तुरा गावचा 'माज्जो', म्हणजे दोन झाडांचं लग्न लावायचा उत्सव, बघायचाय. रविवारी बैलजोड्या ओकचं खोड ओढत आणतात, हॉली या काटेरी पानांच्या झाडाचा शेंडा माणसं खांद्यावरून आणतात. मंगळवारी दोन्ही जोडून उभं करतात. (तुळशीचं लग्नच, फक्त वर-वधू दोघंही झाडं!)

मुक्काम त्याच भागातल्या मातेरा शहरात. गाडी कुणालाच चालवता येत नाही. बसची वेळापत्रकं पालथी घातली, रविवारची एकही सापडली नाही. टॅक्सीचा आकडा ऐकून गप्प बसलो. आच्चेत्तुरात राहायला जागा मिळाली नाही.

पुढे कास्तेलमेत्सानो ते पिएत्रापेर्तोझा या दोन गावांमधली 'सात दगडांची वाट' चालायचीय, साधारण 2 किमी. आईला चढ जमतो, उतारावर गुडघे बोलतात.

रविवारी जाऊन-येऊन करायला काही सोय आहे का? नसेल तर फक्त मंगळवार पुरेल? आणि त्या वाटेवर मध्ये उतार किती आहे?