कूलरच्या मोटरचा थर्मल वगळून ‘डायरेक्ट’ करून दिलाय, चालवू का?

साखरपेठकर:
आमचा लोखंडी कूलर परवा रात्री बंद पडला. मिस्त्री म्हणाला, “वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) चांगलं आहे, आतला थर्मल, म्हणजे मोटर जास्त तापली की सर्किट तोडणारा फ्यूज, उडालाय.” थर्मलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळल्या, टेप मारली, 200 रुपये घेतले. कूलर लगेच सुरू झाला. पण आता तास-दीड तासाने वॉर्निश तापल्यासारखा वास येतो. एमसीबी एकदाही पडलेली नाही, म्हणून चालवतोय. बाहेर 43 अंश, आई 72 वर्षांची, त्याच खोलीत झोपते. बंद ठेवलं तर तिचे हाल होतात. काय करू?

चटणीवाली_ताई:
आमच्या मिक्सरच्या बुडाला लाल बटण आहे. शेंगाचटणीचे दोन-तीन घाणे लागोपाठ काढले की मिक्सर थांबतो, थोड्या वेळाने बटण दाबलं की परत चालतो. तसं काही आहे का बघा की.

अशोकचौक_वाइंडर:
दादा, आधी प्लग काढा. बाकीचं नंतर वाचा. आईंना आजची रात्र साधा टेबल फॅन द्या.

ताई, तुमचं लाल बटण म्हणजे ओव्हरलोड. ते जास्त करंट गेला की उडतं आणि दाबलं की परत बसतं. कूलरच्या मोटरमधला थर्मल एकदाच काम करतो. उडाला की बदलायचा, त्याला बटण नाही.

आता एमसीबीचं. ती करंट बघते, मोटर किती तापली ते तिला कळत नाही. 150 वॉटची मोटर एक अँपिअरसुद्धा घेत नाही. जाम झाली तर दोन-अडीच घेईल. तुमच्याकडे 6 किंवा 16 अँपिअरची एमसीबी असणार, तिच्या हिशेबात हे काहीच नाही. पण तेवढाच करंट जाम मोटरमध्ये फिरत राहिला की वायंडिंग भाजतं, कारण पंखाच थांबलेला असल्याने मोटर गार करणारा वारा बंद होतो. हे फक्त तारेला चिकटून बसलेल्या थर्मललाच कळतं.

मी असे उडालेले थर्मल फोडून बघितलेत. पंख्या-कूलरमधला असतो बोटाच्या नखाएवढा चौकोनी डबा. आत दोन तारांच्या मधे कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची काडी, भोवती राळेसारखा थर. ठरलेलं तापमान आलं की काडी वितळते आणि धातू दोन्हीकडे ओढला जाऊन प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक चकचकीत मणी होऊन बसतो. मधे मोकळी जागा, सर्किट तुटलं. राइस कुकर, इस्त्रीत बारक्या धातूच्या नळीचा असतो. तिथं आत मेणासारखी गोळी आणि स्प्रिंग. गोळी वितळली की स्प्रिंग संपर्क सोडवते.

म्हणजे तुमचा थर्मल खराब नव्हता, त्यानं काम केलं. मोटर का तापली, हे कुणी बघितलंच नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लूमच्या कारखान्यातला पंखा मी असाच डायरेक्ट करून दिला होता, घाई होती म्हणून. मोटरवर सुताची लव बोटभर साचलेली. आठवड्यात वायंडिंग जळलं आणि ती लव धुमसली. तिथं माणूस जागा होता म्हणून विझवता आली. त्यानंतर एकही वायर अशी पिळली नाही.

तुम्ही एवढं बघा, प्लग काढूनच: पंखा हाताने फिरवा, सैल फिरतो की अडतो? कंडेन्सरवर किती लिहिलंय आणि मोजल्यावर किती येतं? मोजण्याआधी तो डिस्चार्ज करा. बोअरचं पाणी असेल तर पॅडवर क्षार बसलेत का? पॅड बुजलं की मोटरवरून जाणारा वारा कमी होतो.

साखरपेठकर:
काका, बंद केला. पंखा जड फिरतोय, बुश (ज्यात पंख्याची दांडी फिरते ती कडी) कोरडा. शेजारच्याच्या मीटरवर कंडेन्सर मोजला. लिहिलंय 4 मायक्रोफॅरड, भरतोय 2.3. जुना थर्मल तिथंच आहे, त्यावर 130 अंश आहे. आपल्याकडचं ऊन बघता 150 चा टाकला तर सारखा उडणार नाही ना?

अशोकचौक_वाइंडर:
कारण सापडलं. कंडेन्सर उतरला की मोटरला जोर येत नाही, ती हळू फिरते आणि तापते. त्यात बुश कोरडा.

150 चा अजिबात टाकू नका. 130 हा आकडा वायंडिंगच्या इन्शुलेशनच्या दमावर ठरवलेला असतो, उन्हावर नाही. ऊन धरूनच हिशेब करा. चांगली मोटर बाहेरच्या हवेपेक्षा समजा 60 अंश जास्त तापली, तर थंडीत 25 अधिक 60, म्हणजे 85. मेमध्ये 43 अधिक 60, म्हणजे 103. तरीही 130 लांबच आहे. तिथवर गेली तर मोटरमध्येच दोष आहे. 150 चा टाकून तुम्ही फक्त थर्मलला गप्प बसवाल, तारेवरचं वॉर्निश तेवढं सोसणार नाही.

बसवताना त्याच आकड्याचा, त्याच अँपिअरचा घ्या. वायंडिंगला घट्ट टेकवून दोऱ्याने बांधायचा. हवेत लोंबकळत राहिला तर उशिरा उडतो. सोल्डरचे टाके मारताना थर्मल आणि टाक्याच्या मधली तार पकडीत धरायची, उष्णता पकडीत जाते. नाहीतर सोल्डरिंगच्या गरमीनेच तो उडतो आणि मग मिस्त्री म्हणतो, माल खराब. टाक्याऐवजी दाबून बसवलेला जोड मला जास्त आवडतो. वरून फायबर स्लीव्ह, म्हणजे नळी.

वास आलाय म्हणजे वायंडिंग थोडं भाजलंय. सगळं बसवायच्या आधी मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरची चाचणी, करून घ्या. बॉडीला करंट उतरत असेल तर थर्मल-कंडेन्सरवर खर्च करू नका, रिवायंडिंगच करा. लोखंडी कूलर आहे, आईंचा हात लागतो त्याला.

साखरपेठकर:
उद्या सकाळी मोटर काढून मेगरला नेतो. आज आईची खाट व्हरांड्यात टाकली आहे.