असल्फा स्टेशन आणि आपला डोंगर : आठवणी लिहा

टेकडीची माहेरवाशीण
काल भाचीने मेट्रोच्या खिडकीतून काढलेला फोटो पाठवला. डोंगरभर निळी-पिवळी-गुलाबी घरं, खाली लिहिलंय "मावशी, कसलं क्यूट!" अगं बाई, त्या क्यूटमध्येच तुझी आई वाढली. खालच्या नळावरून हंडे वर न्यायचे, तेही पाणी जायच्या आत. पत्ता विचारला की बाबा "घाटकोपर पश्चिम" सांगायचे, असल्फाचं नाव काढायचे नाहीत. मला बघायला पाहुणे आले तेव्हा खाली बिल्डिंगमधल्या काकांच्या घरात बसवलं होतं, आमचंच घर असल्यासारखं! आता तेच नाव गाडीत दिवसभर पुकारतात.

८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली, पहिला महिना कुठेही जा, दहा रुपये. बाबांना घेऊन घाटकोपरहून बसले. जागृतीनगर गेल्यावर बाबा उठून काचेला नाक लावून उभे. "आपला पत्रा दिसतोय का बघ गं."
तुम्हीही लिहा. साकीनाका, जागृतीनगर, सगळं चालेल.

लिमिटेड ३४०
३४० आठवते का कुणाला? साकीनाक्याला अडकली की लोक उतरून चालत सुटायचे आणि बसच्या आधी पोचायचे. मी चकाल्याला कामाला. ट्रेनने जायचं तर घाटकोपरहून दादर, तिथे लाईन बदलून अंधेरी, मग परत मागे. द्राविडी प्राणायाम नुसता. आता वर्सोवा ते घाटकोपर अख्खी लाईन एकवीस मिनिटांत. माझी अर्धी नोकरी त्या बसच्या दांड्याला लटकून गेली, पीएफमध्ये धरायला हवी होती.

कटिंग
चालत सुटणाऱ्यांत मी पण होतो 😂 वाटेत चहा पण व्हायचा

दुसरा मजला
आम्ही रस्त्यालगतच. आधी कितीतरी वर्षं खोदकाम, धूळ, आईचा खोकला. मग गर्डर चढले तेव्हापासून हॉलचा पडदा कायम ओढलेला. सासूबाईंना मात्र मेट्रो लाभली. पहाटेची पहिली गाडी गेली की उठतात, गजर लावत नाहीत. एकदा गाड्या बंद होत्या तर आम्हा सगळ्यांना उशीर.

मोरीची भिंत
रंगाचं सांगते. २०१७ संपत आलं होतं. सुट्टीच्या दिवशी मुलंमुली डबे-ब्रश घेऊन चढली, आईने पातेलंभर पोहे केले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रंग कुठे? ट्रेनकडच्या भिंतीला. मागची मोरीकडची तशीच शेवाळलेली. तोंडाला पावडर आणि मान काळी.

आतिश
पटलं ताई, पण माझा मुलगा शाळेत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला आमचं घर रंगीत डोंगरावर आहे. आधी मित्रांना घरी आणायचा नाही. मला तेवढं पुरे

दगडी पायरी
जुलै २००० ला घाटकोपरला दरड कोसळली, २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला. दोन्ही वेळा माणसं गाडली गेली. जोराचा पाऊस लागला की अजून रात्री कुणी ना कुणी जागं असतं आमच्याकडे. फोटोवाल्यांनी खुशाल यावं, पण आधी संरक्षक भिंत बांधा.

टेकडीची माहेरवाशीण
@दगडी पायरी, खरंय. आई पावसाळ्यात कागदपत्रं आणि मंगळसूत्र एका पिशवीत बांधून उशाशी ठेवायची.

वनाझकर
आमच्याकडे पुण्यात वनाझला मार्च २०२२ पासून मेट्रो आहे. शांतपणे बसायला मिळतं.

कटिंग
@वनाझकर दादा, एकदा संध्याकाळी सातला घाटकोपरच्या पुलावर या. डबे चारच, माणसं अख्ख्या उपनगराची. बसायचं सोडा, दोन्ही पाय टेकले तरी पेढे वाटू.

शाहिरी
अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे, झोपडीतच लिहायचे. हे आमच्या भागाबद्दल कुणी सांगत नाही, फोटो मात्र सगळे काढतात. चालू द्या.

नवीन भाडेकरू
असल्फाला वन आरके काय भाडं चालू आहे? स्टेशनजवळ हवं

लिमिटेड ३४०
स्टेशनजवळ म्हणजे खाली का डोंगरावर? वरून पण "पाच मिनिटं" सांगतात, उतरतानाची. चढताना स्वतः मोजून बघा आणि मगच डिपॉझिट द्या.

दुसरा मजला
विषय निघालाच आहे तर, सासूबाईंना सिद्धिविनायकाला न्यायचंय. मरोळ नाक्याला बदलायचं ना?

मोरीची भिंत
हो, ॲक्वा लाईन. थेट सिद्धिविनायक स्टेशन आहे. आपली गाडी वर पुलावर आणि ती जमिनीखाली, त्यामुळे उतरणं बरंच आहे. गुडघे दुखत असतील तर लिफ्टच शोधा, सरकत्या जिन्याच्या नादी लागू नका. आणि मंगळवार टाळा!

दुसरा मजला
त्यांना मंगळवारच हवाय 🤦‍♀️ या मंगळवारी अंगारकी तर नाही ना?

मोरीची भिंत
कालनिर्णय बघून सांगते, थांबा. दूध उतू गेलं.