मदत हवी आहे: सेंट हेलेना बेटावरून खंडग्रास चंद्रग्रहण कसे टिपावे?

नमस्कार मंडळी. २८ ऑगस्ट २०२६ रोजी, म्हणजे राखीपौर्णिमेलाच, होणारे खंडग्रास चंद्रग्रहण यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून दिसणार नाही, कारण सकाळी ८.०३ वाजता चंद्राला गडद छाया लागेल तेव्हा इथे तो केव्हाच मावळलेला असेल. माझा धाकटा भाऊ मात्र नोकरीनिमित्त दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर आहे; खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये बुधाचे अधिक्रमण (बुध सूर्यबिंबासमोरून सरकताना) पाहिले ते हेच बेट. तिथे ग्रहण पहाटे २.३३ ते ५.५२ असे पूर्ण दिसेल आणि ४.१३ वाजता चंद्राचा जेमतेम काठ उजळ राहील. गावातल्या मुलांना जमवून त्यांना ते त्याच वेळी दाखवावे, अशी माझी फार इच्छा आहे.

अडचण अशी की तो राहतो ते जेम्सटाउन उंच कड्यांमधल्या अरुंद दरीत वसले आहे आणि चंद्र पश्चिमेकडे उतरत जाणार आहे. ६९९ पायऱ्या चढून दरीच्या वर असलेल्या लॅडर हिल या टेकडीवर जाणे योग्य ठरेल का? शिवाय साध्या दुर्बिणीला मोबाइल लावून चित्रण केले, की उजळ काठ पांढराफटक येतो आणि छायेतला तांबूस भाग दिसतच नाही. त्यासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) कसे ठेवावे? ज्यांनी असे चित्रण केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.